सरळ भेगा

९ जानेवारी

चि. सौ. भावजयबाईंस,
अनेक आशीर्वाद.

'सौ.' लिहावं की नाही यावर माझा बराच वेळ गेला. कागदोपत्री तू अजून माझ्या धाकट्या भावाची बायको आहेस, म्हणून लिहिलं. नको असेल तर कळव, पुढच्या पत्रापासून गाळते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

तू घर सोडून त्या धरणावर नोकरीला गेलीस हे मला तुमच्या शेजारणीकडून कळावं, यासारखी दुसरी नामुष्की नाही. धाकट्याला विचारलं तर म्हणाला, "ती कामासाठी बाहेरगावी असते हल्ली." माझा जन्म शाळेत गेला, त्यातला शेवटचा काळ मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत. गृहपाठ न केलेल्या मुलाचा आवाज मला फोनवरूनही ओळखू येतो. बॅग भरली आणि आले.

दार उघडंच होतं. आत चिखलच चिखल. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिखलाचे ट्रे, कपाटावर ट्रे, न्हाणीघरात बादलीवर फळी टाकून ट्रे, आणि पलंगावर तुझ्या बाजूला सुद्धा ट्रे. तो त्यात दाढी वाढवून बसलेला. मला बघून म्हणाला, "आलीस का." जशी मी कोपऱ्यावरून साबण घेऊन आले होते.

मग हळूहळू एकेक बाहेर काढलं. ज्या सरळ भेगांमुळे त्याचं एवढं नाव झालं, त्या आता पडतच नाहीत म्हणे. पूर्वी ह्याच टेबलावर मातीचा लगदा वाळला की भेगा कशा वहीवरच्या रेघांसारख्या ओळीनं पडायच्या. त्यावर त्याचा लेख, त्यावर सत्कार. आता माती तीच, पाणी तेच, ट्रे तोच, आणि भेगा वाटेल तशा. बाहेरच्या प्रयोगशाळांमध्येही कुणाला ते जमलेलं नाही. आता ते लोक कुजबुजायला लागलेत की मुळात तशा भेगा पडल्याच नव्हत्या. जूनमध्ये संस्थेची समिती घरी येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघणार आहे. नाही दिसल्या, तर त्याची जागा जाईल, ते एक. पण लोक त्याला खोटारडा म्हणतील. माझा भाऊ अजागळ आहे, आळशी आहे, कानकोंडा आहे, पण खोटारडा नाही.

ते होऊ द्यायचं नाही, म्हणून मी इथे मुक्काम ठोकला आहे. सत्काराच्या वेळची त्याची मुलाखत मी कापून चौकटीत लावली होती ना, ती बरोबर आणली आणि त्याच्या खोलीत टांगली. "प्रतिभेला काय लागतं?" असं त्यांनी विचारलं होतं. "शांतता आणि एकांत. बाकी काही नाही," हे त्याचं उत्तर. म्हटलं, एवढंच ना? शांतता म्हणजे माझ्या हातचा मळ.

खुर्च्यांच्या पायांना रबराच्या टोप्या बसवल्या. दारावरच्या घंटीची तार काढली. वरच्या मजल्यावरच्या गायिकेला जाऊन भेटले, ती आता सकाळी बाहेर जाऊन गाते. आणि ट्रेंना कुणी बोटसुद्धा लावायचं नाही असा नियम केला. टेबलावर ताट ठेवायला जागा उरत नाही, म्हणून तो त्याच्या खोलीत जेवतो आणि मी खिडकीच्या कट्ट्यावर.

एवढं सगळं मी करते आहे, तर तू निदान घरी ये. माणूस घरात असलं की दुसऱ्याचं चित्त थाऱ्यावर राहतं. फक्त आलीस की जरा हळू बोल. शेजारीण म्हणते, तुमच्या भांडणाचा आवाज जिन्याच्या तळापर्यंत यायचा. अशा गोंगाटात त्या बिचाऱ्याला काय सुचणार होतं?

तुझी वन्सं

ता.क. शेगडीचा डावा बर्नर कसा पेटवायचा ते कळव. काड्यांची अख्खी पेटी संपली.


१८ फेब्रुवारी

चि. सौ. (तू नको म्हणाली नाहीस, म्हणून राहू दिलं आहे.)

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठ्ठीच ती. बर्नरला खालून टिचकी मारायची. बरं. धरणाच्या भिंतीची तपासणी चालू आहे. बरं. हवा कोरडी आहे. तेही बरं. आणि शेवटी, "भांडी कोण घासतं?"

मी विचारते घरी कधी येतेस, आणि तू विचारतेस भांडी कोण घासतं. मी घासते. आणखी कोण घासणार? तो एवढा मोठा शास्त्रज्ञ, त्यानं घासायची? शेजारणीनं सांगितलं की तू त्याला रोज रात्री मोरीपुढे उभा करायचीस. मी विश्वास ठेवला नव्हता. आता ठेवते.

आता इथलं ऐक. मागच्या आठवड्यात त्यांचे संचालकसाहेब आले होते. घंटी नाही म्हणून बिचारे बराच वेळ दार खाजवत होते. त्यांनी हल्ली सर्जनशीलतेला पोषक वातावरण या विषयात लक्ष घातलं आहे. बरोबर एक प्रश्नावली होती. भिंतीचा कोणता रंग पाहिल्यावर नव्या कल्पना येतात? बसून सुचतं की उभ्यानं? झोप कशी लागते? धाकट्यानं इतक्या शहाण्यासारखी उत्तरं दिली की मला धडकीच भरली. लहानपणी असा प्रश्न कुणी विचारला असता तर त्यानं विचारणाऱ्यालाच चावा घेतला असता. साहेबांनी जाताना एक मऊ खुर्ची, कुंडीतलं एक झाड आणि समुद्राच्या लाटांच्या आवाजाची तबकडी पाठवण्याचं कबूल केलं. पाठवलीही. खुर्ची खरंच मऊ आहे. तो तिच्यात दुपारी झोपतो.

हो, झोपतो. मी डोळ्यात तेल घालून दाराबाहेर पहारा देते, वरच्या गायिकेशी वाईटपणा घेते, आणि आतून आवाज येतो तो घोरण्याचा. जागा असतो तेव्हा पेन्सिलींना टोकं काढतो. परवा मी न सांगता कपडे घडी करून ठेवले त्यानं. मला म्हणाला, "ताई, तुला त्रास होत असेल ना माझा?" माझ्या अंगावर काटा आला. हा काय बोलायचा प्रकार आहे? माझ्या भावानं जन्मात कधी कुणाच्या त्रासाची चौकशी केली नव्हती.

ट्रे मात्र रोज भरतो, रोज वाळवतो. भेगा वेड्यावाकड्याच. काल एका ट्रेकडे बघत म्हणाला, "कदाचित तेव्हा मला ओळी दिसल्या असं वाटलं असेल." मी म्हटलं, फोटो आहेत की. तर म्हणाला, "फोटोत काय, एखाद्या वेळेस चुकून पडल्या असतील." तो स्वतःच स्वतःला खोटारडा म्हणायला लागला, मग समितीला कष्ट कशाला?

माझे हात टेकले आहेत. त्याला जे हवं म्हणाला ते सगळं दिलं, तरी तो वाळत चाललाय. तू त्याच्याबरोबर एवढी वर्षं काढलीस, तुला काहीतरी ठाऊक असेलच. घरी येणार नसशील तर निदान नीट चार ओळी लिही. आणि भांड्यांबद्दल नको.

वन्सं


२० मार्च

चि. सौ.

भांड्यांबद्दल नको म्हटलं होतं, आणि तू अख्खं पत्र भांड्यांवर लिहिलंस. आधी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग दुसऱ्यांदा वाचलं. मग गुपचूप जाऊन चहा केला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

म्हणजे तो तुमचा खेळ होता. रोज संध्याकाळी जेवताना एकानं कामातली एक गोष्ट ठामपणे सांगायची आणि दुसऱ्यानं ती खोडायचीच. मनातून पटली असली तरी खोडायची. ज्याला उत्तर सुचणार नाही तो हरला, आणि हरणाऱ्यानं भांडी घासायची. तू लिहितेस, "त्याचा एकही लेख भांडी घासल्याशिवाय झालेला नाही, ताई." मी आपली समजत होते की तुमच्या घरात कलह आहे. असले खेळ खेळताना माणसांनी दारं लावून घ्यावीत, म्हणजे शेजाऱ्यांचा गैरसमज होत नाही.

आता खरं सांगते, मी करून पाहिलं. हसू नकोस. त्याला खोलीतून बाहेर बोलावलं, मी कट्ट्यावर ताट ठेवलं, त्याच्या हातात त्याचं ताट दिलं, आणि म्हटलं, "धाकट्या, माझ्या मते तुझ्या भेगा मातीच्या दाण्यांमुळे पडत नाहीत." मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण शाळेत मी न कळणाऱ्या विषयांवर पालकांशी उत्तम भांडले आहे. तर तो म्हणाला, "असू शकेल ताई, बरोबर असेल तुझं." मी म्हटलं, मग कशामुळे पडतात? तर म्हणाला, "भात घे ना अजून." त्याला चिडवलं, टोचलं, त्याचे जुने गुण काढले, तो गणितात नापास झाला होता ती गोष्ट सांगितली. सगळ्याला हो. मी मोठी बहीण आहे, माझ्याशी भांडत नाहीत म्हणे. हा शिष्टाचार त्याला नेमका आत्ताच कुठून सुचला?

मग तुझ्या पत्रातली शेवटची ओळ. तू घर का सोडलंस हे मी कधी विचारलंच नव्हतं, आणि तू आपण होऊन एवढंच लिहिलंस, "सत्काराच्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसले होते."

चौकटीतली मुलाखत समोरच टांगलेली होती. शांतता आणि एकांत. बाकी काही नाही. ते मी इतक्यांदा वाचलं होतं, इतक्या लोकांना दाखवलं होतं. तो बोलत होता तेव्हा तू समोर बसली होतीस, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

चौकट काढली आणि त्याच्यासमोर टेबलावर आपटली. काच तडकली. म्हटलं, "हे खरं आहे का?" तो म्हणाला, "तसंच म्हणतात गं सगळे." मी म्हटलं, सगळे खड्ड्यात जाऊ देत, तुझं काय? तर खाली मान घालून म्हणतो, "मग काय सांगायचं होतं? बायकोशी वाद घालतो आणि मोरीपुढे सुचतं? लोक हसले असते."

"पण खरं ते होतं ना?"

"खरं असलं म्हणून काय झालं?"

बघ. आणि मी ह्या माणसाला खोटारडा नाही म्हणत होते.

मला तुझा राग यायचा, तो आता कुठे ठेवू कळत नाही. पण बाई, जूनला किती दिवस राहिले? तो तुझ्याशी वाईट वागला, मान्य. त्याची शिक्षा त्याला मिळावी, तेही मान्य. पण त्याच्या ओळी खऱ्या होत्या, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? चार दिवस ये. माझ्यासाठी ये. येत नसशील तर फोनवर भांड त्याच्याशी. मी कान देऊन ऐकणार नाही.

वन्सं


६ मे

चि. सौ.

हे पत्र मी आनंदानं लिहिते आहे. आणि रागानं. दोन्ही.

तू येणार नाहीस, फोनही करणार नाहीस, हे एका ओळीत सांगून टाकलंस आणि पुढे पानभर तळ्याचं वर्णन केलंस. धरणाखालचं तळं आटत चाललंय, काठाला चिखल उघडा पडलाय. धक्क्यापाशी, जिथे तुमची तपासणीची मोटरबोट येते जाते आणि तिच्या लाटा ओल्या चिखलाला सारख्या ढकलत असतात, तिथे चिखल वाळल्यावर भेगा ओळीनं पडतात. थोडं पुढे, जिथे पाणी नुसतं निपचित असतं, तिथे वाटेल तशा. वाचून मला आधी वाटलं, ही विषय टाळते आहे. मग ते ओळीनं पडण्याचं डोक्यात शिरलं.

त्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "धाकट्या, ओला चिखल सारखा एका बाजूला ढकलला, तर वाळताना त्याला ते आठवत असेल का?"

तुझं नाव मुद्दामच घेतलं नाही. घेतलं असतं तर ताट सारून उठला असता, आणि मग समितीपुढे पुन्हा वेड्यावाकड्या भेगा. माझ्या नावावर खपवलं. तो म्हणाला, "काहीतरीच. चिखलाला कसली आठवण?" मी म्हटलं, का नसावी? तो म्हणाला, "लगदा आहे तो, पाणी आणि दाणे. ढकलणं थांबलं की संपलं." मी तुझं पत्र पाठ केलंच होतं. म्हटलं, तळ्याच्या काठी जिथे लाटा लागतात तिथे ओळी पडतात आणि जिथे लागत नाहीत तिथे पडत नाहीत, त्याचं काय करशील? तो म्हणाला, कुठलं तळं? मी म्हटलं, असेल कुठलंही, तू उत्तर दे.

बाई गं, काय सांगू. उठला. हातवारे करायला लागला. मला म्हणाला, तुला विज्ञानातलं काय कळतं. मी म्हटलं, तुला तरी काय कळतंय, वर्षभर चिखल वाळवतोयस. तो ओरडला. मी ओरडले. वरच्या गायिकेनं पायानं जमीन ठोकली. मोठी बहीण वगैरे सगळं विसरला, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मग बोलता बोलता टेबलाकडे बघत राहिला. म्हणाला, "ती सरकवायची."

कोण काय सरकवायची?

"ती ट्रे सरकवायची. जेवायला जागा करायला. लगदा ओला असतानाच. खिडकीकडून भिंतीकडे, रोज. मी ओरडायचो तिच्यावर."

जुने फोटो काढले. प्रत्येक फोटोत खिडकी एका कडेला दिसते, आणि ओळी बरोबर तू ट्रे ढकलायचीस त्या दिशेला आडव्या. दुसऱ्या दिवशी त्यानं एक ट्रे तसाच सरकवला आणि दुसऱ्याला हात लावला नाही. पहिल्यात ओळी. दुसऱ्यात काही नाही. मग उलट दिशेनं, मग तिरका. जसं ढकलावं तशा ओळी. न्हाणीघरात अंघोळीला जागा नाही. दाढी केली नाही, जेवला नाही, मला चहा आणतेस का म्हणून खेकसला. पूर्वीसारखा.

आणि माझं काय, ते बघ. बाहेरच्या लोकांना जमत नव्हतं, कारण ते शहाणे लोक ट्रेला धक्का लागू देत नव्हते. आणि घरात तू गेल्यावर सरकवणारं कुणी उरलं नाही, वर मी नियम केला, बोटसुद्धा लावायचं नाही. ज्या ओळी वाचवायला आले त्या मीच घालवत होते, आणि वर दमले दमले म्हणून तुला पत्रं लिहीत होते. खुर्चीच्या पायांच्या रबरी टोप्या एकेक उपटून काढल्या. संचालकसाहेबांचं झाड तेवढं ठेवलंय, त्याचा काही दोष नाही.

आता तरी येशील ना? तू ट्रे सरकवायचीस हे त्याच्याच तोंडून निघालं आहे. तळं तुझं आहे हे मी त्याला समितीनंतर सांगणार. आत्ता सांगितलं तर पुन्हा फुरंगटून बसेल. एकदा त्याची मान सोडवू दे, मग बघ मी त्याचे कान कसे धरते ते.

तुझी वन्सं


२८ जून

प्रिय मुली,

चि. सौ. वगैरे आज राहू दे.

समिती झाली. तिघेजण आले, स्वतःच्या हातांनी ट्रे सरकवले, दोन दिवसांनी परत येऊन ओळी पाहिल्या. एक म्हातारे सदस्य लहान मुलासारखे खूश होऊन पाचवा ट्रे सरकवत बसले होते. धाकट्याची जागा राहिली. कुजबुजणाऱ्यांची तोंडं बंद झाली. हे तुला कळायला हवं, म्हणून आधी लिहिलं.

ते गेल्यावर लगेच सांगायचं होतं. पण तो इतक्या दिवसांनी गाणं गुणगुणत होता. म्हटलं, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला, आणि मग काल संचालकसाहेबांनी संस्थेच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला. मला पहिल्या रांगेत बसवलं. मधोमध.

धाकट्यानं भेगांबद्दल छान सांगितलं. चिखलाची आठवण वगैरे. मला सगळं कळलं, एवढं सोपं करून सांगितलं. मग साहेबांनी माइक घेतला आणि विचारलं, "एवढं सुचण्यासाठी माणसाला काय लागतं?" मी सरसावून बसले. आता ट्रे कोण सरकवायचं ते तो सांगणार, ही माझी खात्री होती. त्याला ते ठाऊक होतं ना. त्याच्याच तोंडून निघालं होतं.

तो म्हणाला, "शांतता. आणि ती मला देणारी माझी ताई. तिच्या एका भाबड्या प्रश्नानं मला वाट दाखवली." माझ्याकडे हात केला. लोक वळले. टाळ्या.

तुला त्या दिवशी कसं वाटलं असेल ते मला तिथे बसून कळलं, असं म्हणणार नाही. तुला वगळलं होतं, मला तर मखरात बसवलं होतं. ते जास्त वाईट आहे का कमी, ठाऊक नाही.

उभी राहिले. म्हटलं, "तो प्रश्न माझा नाही. तो तुझ्या बायकोनं पत्रात लिहिला होता. आणि ओळी पडायच्या त्याही तिच्याच हातानं." शाळेतला आवाज आहे, मला माइक लागत नाही.

धाकट्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, अगदी मायेनं. आणि माइकमध्ये म्हणाला, "ताई फार दमली आहे. या वर्षात तिनं माझ्यासाठी खूप सोसलंय." लोक गोड हसले. साहेब स्वतः माझ्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आले. मागची एक बाई माझा खांदा थोपटत म्हणाली, किती मोठं मन आहे तुमचं, श्रेयसुद्धा घेत नाही. मी पाणी प्यायले. काय करणार होते?

घरी आल्यावर त्याला फैलावर घेतलं. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "तिचं आहे म्हणून सांगितलं असतंस तर मी ऐकलं नसतं, हे तुला माहीत होतं. म्हणून तर तू लपवलंस." मी हरले, आणि भांडी घासली. त्याची मान सोडवताना मी तुझी अडकवली. लेख छापायला गेला आहे, त्याच्या शेवटी माझे आभार आहेत. मी आज सकाळी त्या मासिकाच्या संपादकांना लिहिलं की ते वाक्य खोटं आहे, आणि खरं काय ते असं असं आहे. दमलेल्या म्हाताऱ्या बाईचं पत्र म्हणून ते ठेवून देतीलही. तू तळ्याबद्दल स्वतःच्या नावानं लिही. तुझं पत्र माझ्याकडे आहे, त्यावर तारीख आहे, आणि साक्षीला मी आहे. माझा भाऊ आहे म्हणून मी मागे हटणार नाही.

मी बॅग भरली आहे. संध्याकाळच्या गाडीनं माझ्या घरी जाते. इथे मी राहिले तर तो माझ्याकडूनच तुझे प्रश्न मागवत राहील. आत्ताच, हे लिहीत असताना दारात येऊन उभा राहिला. मला वाटलं काल काय झालं त्याबद्दल बोलेल. म्हणाला, "ताई, तिला विचार ना, तळ्यात वाळूच्या बाजूला भेगा वळतात का?"

मी म्हटलं, कागद तिथे आहे, पेन तिथे आहे, पत्ता मी देते. स्वतः विचार.

"ती उत्तर देईल का?"

ते तिला विचार, म्हटलं.

तेव्हापासून बसला आहे टेबलाशी. एक कागद फाडला, दुसरा घेतलाय. मी त्याच्यासाठी थांबत नाही, हे पत्र आधी टाकते. पहिल्या पत्रापासून तुला परत ये, परत ये म्हणत आले. आता म्हणणार नाही. त्याचं पत्र एक-दोन दिवसांत येईल तुला. पहिली ओळ तळ्याबद्दल असेल, तर पुढचं वाचू नकोस.

तुझी
ताई